लेझरला आपले जिवाणू कोण शिकवणार?

आयसीयूतल्या रुग्णाचा ताप उतरत नाही, रक्तदाब खाली येतोय, लघवी कमी झाली आहे. डॉक्टर रक्त काढून कल्चरच्या बाटलीत भरतात आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांना सांगतात, "कल्चर लावलंय, रिपोर्ट परवापर्यंत येईल." औषध मात्र परवापर्यंत थांबू शकत नाही. आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं होतं, की सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळल्यावर, पहिल्या सहा तासांत योग्य प्रतिजैविक मिळायला जितका उशीर होईल, तितकी तासागणिक सरासरी ७.६ टक्क्यांनी रुग्ण वाचण्याची शक्यता घटते. म्हणून डॉक्टर अंदाजानेच सुरुवात करतात. जंतू कोणता हे माहीत नसताना मेरोपेनेमसारखं ताकदीचं प्रतिजैविक लावलं जातं, त्याच्या जोडीला आणखी एखादं 'हायर' औषध येतं. त्या क्षणी त्या डॉक्टरचं काही चुकत नाही. पण हाच अंदाज रोज, खाटेमागून खाटेवर, गावोगावच्या रुग्णालयांत बांधला जातो आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू त्यावर पोसले जातात. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविक-प्रतिरोधामुळे थेट झालेले मृत्यू जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा अंदाज 'लॅन्सेट'ने छापला आहे.

उशीर होतो तो कुणाच्या आळसामुळे नाही. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्ग असा जिवावर बेततो तेव्हा, एक मिलिलिटर रक्तात जिवाणू अनेकदा दहासुद्धा नसतात आणि तांबड्या पेशी असतात सुमारे पाच अब्ज. म्हणून आधी बाटलीत जिवाणूंना वाढू द्यावं लागतं. बाटली पॉझिटिव्ह झाली की तिच्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन ग्राम स्टेन करतात, म्हणजे जिवाणू रंगवून पाहतात; ही पद्धत १८८४ सालची आहे आणि आजही तिच्यावाचून प्रयोगशाळेचं पान हलत नाही. मग ब्लड आगर आणि मॅकॉन्की आगर या जिवाणूंच्या खाद्याच्या प्लेटवर रेघा ओढायच्या, रात्रभर ३७ अंशांवर ठेवायच्या. सकाळी मॅकॉन्कीवर गुलाबी वसाहती दिसल्या तर ई. कोलाय किंवा क्लेबसिएला, रंगहीन दिसल्या आणि द्राक्षांसारखा गोडसर वास आला तर स्यूडोमोनास. पुन्हा चाचण्या, पुन्हा औषधांच्या चकत्या लावलेली प्लेट, पुन्हा एक रात्र. दोन ते चार दिवस असे जातात.

या दिवसांचे तास करण्याची आशा लेझरने दाखवली आहे. ती आशा खरी आहे असं मला वाटतं, म्हणूनच तिचं वाटोळं कसं होऊ शकतं यावर लिहायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: अडचण लेझरची नाही, लेझरने आणलेल्या आकड्यांना अर्थ देणाऱ्या संदर्भसंग्रहाची, म्हणजे ओळख पटलेल्या जिवाणूंच्या आधीच घेतलेल्या मोजमापांच्या साठ्याची आहे. तो संग्रह आपल्या मातीतल्या, आपल्या रुग्णांतल्या जिवाणूंचा हवा, सर्वांना खुला हवा आणि सार्वजनिक पैशाने उभा राहायला हवा. यंत्रांच्या निविदा त्यानंतर.

हे तंत्र काय आहे ते आधी पाहू. सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी १९२८ साली कलकत्त्याच्या बहूबाजारातल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये दाखवून दिलं, की एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला तर विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर पडतो. किती रंग बदलला यावरून रेणूतले बंध कसे कंप पावतात ते कळतं. हा भाग फार म्हणजे फारच थोडा असतो. विखुरलेल्या साधारण दहा लाख ते दहा कोटी प्रकाशकणांत एखादा. त्यामुळे १९६० साली लेझर येईपर्यंत जिवाणूसारख्या गोष्टीवर हे वापरणं अवघड होतं. आज लेझरचा झोत सूक्ष्मदर्शकातून एक मायक्रॉनच्या ठिपक्यात आणता येतो. जिवाणूही साधारण तेवढाच. म्हणजे एका पेशीचा वर्णपट, विखुरलेल्या प्रकाशाचा रंग कुठे किती बदलला त्याचा आलेख, घेता येतो.

तो वर्णपट जवळून पाहिला तर डोंगररांगेसारखी एक वेडीवाकडी रेघ दिसते. १००४ प्रति सेंटिमीटरजवळ (रंगातला बदल या एककात मोजतात) एक टोकदार सुळका असतो, तो फिनाइलअलानिन या अमिनो आम्लाचा. ७८५ च्या आसपासचा उंचवटा डीएनए-आरएनएचा, १४५० चा प्रामुख्याने मेद आणि प्रथिनांतल्या कार्बन-हायड्रोजन बंधांचा, १६६० चा प्रथिनांच्या कण्याचा. गोची अशी, की हे उंचवटे प्रत्येक जिवाणूत असतात. ई. कोलायमध्ये आहेत, क्लेबसिएलात आहेत, दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसमध्येही आहेत. फरक असतो तो उंचीत, रुंदीत, दोन उंचवट्यांच्या प्रमाणात, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. इथून पुढे सगळी भिस्त संख्याशास्त्रावर.

एक वर्णपट म्हणजे साधारण हजार आकडे. त्या हजारांतले बरेचसे एकमेकांच्या बरोबरीने वरखाली होतात, म्हणून कार्ल पिअर्सनने १९०१ साली मांडलेलं मुख्य घटक विश्लेषण वापरून त्यांचे दहा-वीस घटक करतात. मग दोन गट वेगळे करणारी रेषा कुठून काढायची हे १९३६ साली फिशरने सांगितलेल्या पद्धतीने ठरवतात. त्याच १९३६ साली कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी आपलं 'व्यापक अंतर' मांडलं, ज्याला आज महालनोबिस अंतर म्हणतात. रामन यांच्या प्रयोगशाळेपासून प्रेसिडेन्सी कॉलेज काही फार दूर नाही, आणि तिथल्याच संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळेतून ही कल्पना आली. प्रकाश आणि त्याचा हिशोब, दोन्ही एकाच शहरातले. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

महालनोबिस अंतराचं वैशिष्ट्य समजून घेण्यासारखं आहे. समजा, नव्या वर्णपटात ७८५ चा उंचवटा क्लेबसिएलाच्या सरासरीपेक्षा बराच मोठा आला. याचा अर्थ तो क्लेबसिएला नाही असं लगेच म्हणता येत नाही, कारण जोमाने वाढणाऱ्या पेशींत आरएनए जास्त असतो आणि वाढ थांबली की कमी होतो. एकाच जातीत हा उंचवटा खूप हलतो. उलट जो उंचवटा त्या जातीत जवळजवळ हलतच नाही, तो थोडासा सरकला तरी संशय घ्यायला हवा. महालनोबिस अंतर हे दोन्ही लक्षात घेतं: किती दूर आहे, आणि त्या दिशेला त्या जातीत मुळातच किती चढउतार असतो. पण हा चढउतार कळणार कुठून? त्या जातीचे पुरेसे, वेगवेगळ्या रुग्णांतले, वेगवेगळ्या वयाच्या वसाहतींचे नमुने आधी मोजले असतील तरच. संग्रह तोकडा असेल तर अंतर खोटं निघतं, सूत्र कितीही सुंदर असलं तरी.

अलीकडे या जुन्या सूत्रांच्या जागी डीप लर्निंग, म्हणजे ढीगभर उदाहरणांवरून संगणकाने स्वतःच शिकण्याची पद्धत, आलं आहे. स्टॅनफर्डच्या गटाने २०१९ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये दाखवलं, की नेहमी आढळणाऱ्या ३० रोगजंतूंच्या वर्णपटांवर शिकवलेलं मॉडेल सरासरी ८२ टक्क्यांहून अधिक वेळा नेमका जंतू ओळखतं आणि कोणतं प्रतिजैविक द्यावं एवढंच विचारलं तर ९७ टक्के वेळा बरोबर सांगतं. काम चांगलंच आहे, त्यांनी आपली विदा खुलीही केली. पण ते जिवाणू प्लेटवर आधीच वाढवलेले होते आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्टीवर वाळवलेले होते. थेट रुग्णाच्या रक्तातून नव्हते. वर्तमानपत्रांत 'आता काही मिनिटांत जिवाणूची ओळख' अशी बातमी येते तेव्हा कल्चरची ती रात्र हिशोबातून गळलेली असते.

याहून मोठा धोका दिसत नाही, कारण तो टक्केवारीच्या आत दडलेला असतो. एका जातीची एक प्लेट घेतली, तिच्यावरून हजार वर्णपट काढले, त्यातले आठशे मॉडेलला शिकवायला वापरले आणि उरलेल्या दोनशेंवर परीक्षा घेतली तर ९९ टक्के येणारच. सरावाच्या पेपरातलेच प्रश्न परीक्षेत आल्यासारखं ते आहे. त्यात ई. कोलाय सोमवारी मोजला आणि क्लेबसिएला मंगळवारी, तर मॉडेल जिवाणू शिकण्याऐवजी सोमवार-मंगळवार शिकून बसतं: त्या दिवशीचं लेझरचं तापमान, आगरची नवी बॅच, पट्टीवर राहिलेलं माध्यम. रोज सकाळी सिलिकॉनच्या चकतीवर ५२० जवळचा उंचवटा जागेवर आहे का हे तपासण्यात शिस्तीचं नाव नसेल तर एका यंत्रावर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या यंत्रावर गोंधळतं. जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी या चुकांवर सविस्तर लिहिलं आहे. खरी परीक्षा एकच: ज्या रुग्णालयातला एकही नमुना शिकवताना वापरला नाही, तिथल्या जिवाणूंवर, तिथल्या यंत्रावर, उत्तर झाकून घेतलेली. तिचे आकडे दाखवा असं विकणाऱ्याला विचारलं पाहिजे.

आता आपल्याकडचं उदाहरण. मेलिओइडोसिस हा आजार ज्या जिवाणूमुळे होतो तो बर्कहोल्डेरिया स्यूडोमालेई मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. पावसाळ्यात, शेतात काम करणाऱ्यांना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना गाठतो. फुप्फुसात गेला तर टीबीसारखा दिसतो आणि रुग्णाला महिनोन्महिने टीबीची औषधं मिळत राहतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना तो होतो आणि त्यातले ८९ हजार दगावतात; सर्वाधिक भार दक्षिण आशियावर आहे. मणिपाल आणि वेल्लोरच्या डॉक्टरांनी चिकाटीने शोधला म्हणून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आणि तमिळनाडूत तो सापडत गेला. कोकण आणि गोव्याची माती, पाऊस, भातशेती त्याहून काही फार वेगळी नाही.

हा जिवाणू लेझरच्याच एका यंत्राने चुकवला आहे. माल्डी-टॉफ हे तंत्र मोठ्या रुग्णालयांत आज वापरात आहे. त्यात लेझरच्या ठिणगीने वसाहतीतली प्रथिनं उडवून त्यांचं वस्तुमान मोजतात आणि संग्रहाशी ताडून काही मिनिटांत जातीचं नाव देतात. त्यामागच्या कामाशी जोडलेला शोध लावणाऱ्या कोइची तानाका यांना २००२ सालचं नोबेल मिळालं. यंत्र उत्तम आहे, त्याने सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांचा चेहरामोहरा बदलला. पण बर्कहोल्डेरिया स्यूडोमालेई जैविक अस्त्र म्हणून वापरला जाऊ शकतो या भीतीने त्याचे वस्तुमानाचे आलेख नेहमीच्या व्यापारी संग्रहात न ठेवता वेगळ्या, सुरक्षेच्या संग्रहात ठेवले गेले. परिणाम असा, की काही प्रयोगशाळांत यंत्राने त्याला त्याचा निरुपद्रवी भाऊ बर्कहोल्डेरिया थायलँडेन्सिस म्हणून ओळखलं. रुग्णाच्या रक्तात प्राण घेणारा जंतू आणि रिपोर्टवर मातीतला साधा जंतू. ज्या देशांत हा आजार क्वचितच दिसतो तिथल्या नियमांनी ठरवलेला संग्रह, जिथे तो शेताच्या बांधावर आहे तिथे वापरला गेला. लेझरचा यात काहीच दोष नाही.

यातून पहिली अट निघते. यंत्राला 'ओळख पटली नाही' असं म्हणता आलं पाहिजे. संग्रहात ३० जाती असतील आणि एकतिसावी समोर आली, तर आजची बरीचशी मॉडेलं तीसांतलीच एक निवडून मोकळी होतात आणि वर ९५ टक्के खात्रीही दाखवतात. महालनोबिस अंतराला मर्यादा घालून ही खोड मोडता येते: सगळ्याच जातींपासून अमुक अंतरापलीकडे असेल तर नाव देऊ नकोस. हा निर्णय कंपनीवर सोडू नये, मान्यतेच्या नियमांत लिहावा.

टक्केवारीबद्दल आणखी एक गोष्ट, कारण इथे भले भले फसतात. समजा तापाच्या १००० रुग्णांत २० जणांना मेलिओइडोसिस आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक आहे. विसांतले १९ ती पकडेल. हा आजार नसलेल्या उरलेल्या ९८० जणांपैकी ४९ जणांनाही ती चुकून पॉझिटिव्ह म्हणेल. एकूण ६८ पॉझिटिव्ह, त्यांत खरे १९. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात असलेल्या दहांपैकी सात जणांना तो आजार नाही. ९५ टक्के अचूकतेची जाहिरात वाचून यंत्र घेणाऱ्या अधिकाऱ्याला हा हिशोब कुणीतरी मांडून दाखवायला हवा.

"माणसं आज मरतायत आणि तुम्ही संग्रहाच्या गोष्टी करता," हा आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. त्याला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून टीबी ओळखण्याच्या चाचण्या आपल्याकडे वर्षानुवर्षं गल्लोगल्लीच्या लॅबमध्ये विकल्या गेल्या. जलद, सोप्या, सुईच्या एका टोचणीत होणाऱ्या. त्या विश्वासार्ह नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि २०१२ मध्ये भारताने त्यांच्यावर बंदी घातली. तोवर कितीतरी लोकांनी नसलेल्या टीबीची औषधं खाल्ली आणि खरा टीबी असलेले कितीतरी निर्धास्त घरी गेले. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, आयात केलेले जलद अँटिबॉडी संच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला (आयसीएमआर) राज्यांना परत करायला सांगावे लागले, तेही घाईचंच फळ. उलट गोव्यातल्या मोलबायोचं ट्रूनॅट पाहा. बॅटरीवर चालणारी ही टीबीची जनुकीय चाचणी भारतासह चार देशांतल्या दवाखान्यांत स्वतंत्रपणे तपासली गेली, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोचली. तपासणीमुळे ती मागे पडली नाही.

लेझरबद्दल मला आस्था आहे ती याचसाठी. जनुकीय चाचणीला प्रत्येक वेळी चिप किंवा कार्ट्रिज लागतं, त्याचे पैसे दर रुग्णामागे मोजावे लागतात आणि ते संपलं की यंत्र झाकून ठेवावं लागतं. रामन वर्णपटाला मूलतः प्रकाश लागतो. यंत्र एकदा बसलं की दर चाचणीचा खर्च फारच कमी. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयासाठी हा फरक फार मोठा आहे, आणि म्हणूनच तिथे पोचणारं यंत्र परदेशातल्या जिवाणूंवर शिकलेलं असून चालणार नाही.

संग्रह उभा करण्याची विद्या आपल्याकडे नाही असंही नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह कित्येक दशकं चालू आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं सूक्ष्मजीव संसाधन केंद्रही पुण्यातच आहे आणि २००९ पासून देशभरातले जिवाणू जतन करतं आहे. प्रतिजैविक-प्रतिरोधावर नजर ठेवणारं आयसीएमआरचं रुग्णालयांचं जाळं २०१३ पासून काम करतंय. रोगजंतू रुग्णालयांत आहेत, जतनाचं कौशल्य पुण्यात आहे, संख्याशास्त्राची परंपरा तर महालनोबिसांपासून आहे. जोडणारा धागा नाही. ब्रिटनने १९२० साली रोगजंतूंचा राष्ट्रीय संग्रह सुरू केला आणि गेल्या काही वर्षांत त्यातल्या सुमारे तीन हजार जिवाणूंचे जनुकीय आराखडे कुणालाही वापरता येतील असे खुले केले. आपल्याला वर्णपटांसाठी तसंच काहीतरी करता येईल: प्रत्येक जिवाणूबरोबर तो कोणत्या जिल्ह्यातला, कोणत्या माध्यमावर किती तास वाढवला, कोणत्या यंत्रावर कोणत्या लेझरने मोजला, जनुकीय चाचणीने जात पक्की झाली का, हे सगळं लिहिलेलं. रुग्णाचं नाव-गाव त्यात कुठेही नको.

कंपन्या म्हणतील संग्रह ही आमची मालमत्ता आहे. त्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर त्यांचं, यात वाद नाही. पण सरकारी रुग्णालयातल्या रुग्णाच्या रक्तातून निघालेला जिवाणू, सरकारी पगारावरच्या तंत्रज्ञाने वाढवलेला, त्याचा वर्णपट एखाद्या बंद संग्रहात जावा आणि पुढच्या वर्षी तोच आपल्याला परवान्याचे पैसे देऊन परत घ्यावा लागावा, हे मला पटत नाही. निविदेत एक ओळ पुरेशी आहे: सार्वजनिक नमुन्यांवरून मिळालेले सर्व वर्णपट खुल्या संग्रहात जमा करणं बंधनकारक.

आणि जातीचं नाव कळलं तरी डॉक्टरचा प्रश्न अर्धाच सुटतो. एक क्लेबसिएला साध्या औषधाने मरतो, दुसऱ्याच्या पोटात एनडीएम जनुक असतं आणि त्याच्यापुढे मेरोपेनेमही हात टेकतं. दोघांचे वर्णपट जवळजवळ सारखे. यावर एक देखणा उपाय निघाला आहे: जिवाणूला प्रतिजैविकासोबत जड पाण्यात, म्हणजे हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असलेल्या पाण्यात, ठेवायचं. औषध लागू पडलं नाही तर तो जगत राहतो, पाण्यातलं ड्युटेरियम आपल्या मेदात आणि प्रथिनांत ओढून घेतो, आणि वर्णपटात एरवी सपाट असलेल्या २०४० ते २३०० च्या पट्ट्यात नवा उंचवटा उगवतो. उंचवटा दिसला म्हणजे औषध हरलं. काही तासांत कळतं. पण हा प्रयोग साठवलेल्या आलेखांवर करता येत नाही, त्याला जिवंत जिवाणू लागतो, तोही आपल्या वॉर्डांत फिरणारा.

आज रिपोर्टवर सही झाली की बहुतेक प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये जातात आणि निर्जंतुक होऊन कचऱ्यात. त्याआधी एक वसाहत ग्लिसरॉलच्या कुपीत घालून उणे ८० अंशांवर ठेवायला दोन मिनिटं पुरतात. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात त्यासाठी एक फ्रीझर, अखंड वीज, कुप्या आणि नोंदी नीट ठेवणारा एक कायमस्वरूपी तंत्रज्ञ लागेल. हा खर्च पहिल्या लेझर यंत्राच्या निविदेआधी मंजूर व्हायला हवा.